बंडलाला अठरा कमी

परवा संध्याकाळपासून तो कोपऱ्यात बसून आहे,
पाठीची कमान करून, डोळे अर्धे मिटून,
दात करकर वाजवत.
मला वाटलं, काहीतरी चावतोय.
दुखतं तेव्हा ससे असं करतात,
हे मला हत्तुरे मॅडमनी सांगितलं.

त्याचं नाव कांडी.
गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांशेजारी एका खोक्यात होता.
भार्गवनं हट्ट करून आणला,
आणि दहावी झाल्यावर हैदराबादला गेला, मामाकडे.
ससा राहिला.

जनावरांच्या दवाखान्यात माझ्यापुढे
एक म्हैस, दोन शेळ्या, पट्टा लावलेला कुत्रा.
माझ्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला कांडी.
म्हशीवाल्यानं विचारलं, "ह्याला दूध येतं का ओ?"
न्हाई.
"मग?"
त्या मगला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मॅडमनी पोटाला नळी लावली, बराच वेळ ऐकलं.
"आत काही वाजत नाही," म्हणाल्या.
लाईट गेल्यावर साखर पेठेत
सगळे माग एकदम थांबतात,
तसं असणार त्याच्या पोटात.
"सशाचं मी फार केलेलं नाही, खोटं बोलणार नाही."
मग शिरवळला त्यांच्या सरांना फोन लावला
आणि पेननं तळहातावर मिली लिहून घेतले.

"खायला काय घालता?"
कडक भाकरी.
ती मीच द्यायचे.
त्याचं कुरुम कुरुम ऐकत पानं कातरायला
बरं वाटायचं मला.
"आणि तुमच्या हाताला हा वास?"
एकतीस वर्षांचा आहे मॅडम.

राखेनं घासले हात, लिंबानं घासले,
तरी सिरिंज पुढं केली की तोंड फिरवतो.
औषधावरून की माझ्यावरून,
कळायला मार्ग नाही.

तीन दिवस सूप माळ्यावर.
भिजवलेली पानं फडक्यातच काळी पडली.
मुनीम कार्ड बघून म्हणाला, "घरात कोण आजारी आहे?"
कुंदेलु, म्हटलं.
त्याला तेलुगू येतं, म्हणून हसला.

चव्वेचाळीस डिग्री. नळाला पाणी पाचव्या दिवशी.
माठातलं माझ्या वाटणीचं पाणी टॉवेलला,
टॉवेल पिंजऱ्याला.
दर चार तासांनी
वाळलेला घास मिक्सरमधून काढायचा,
गाळायचा, कोमट करायचा,
गालाच्या कडेनं अर्धा अर्धा मिली सोडायचा.
अर्धा त्याच्या पोटात, उरलेला माझ्या पदरावर.
मानेमागं सलाईन टोचलं की
कातडीखाली पाण्याचा गोळा होतो,
हलतो, मग हळूहळू अंगात विरतो.
पहिल्यांदा टोचताना मी डोळे मिटले होते,
हे मॅडमना सांगितलेलं नाही.

आणि पोट चोळायचं.
ही बोटं दिवसाला हजार विड्या वळतात,
खाली न बघता, शेजारणीशी भांडत.
इथं मात्र एकेक बोट
विचारून विचारून पुढं जायचं.
तिनु रा, तिनु.

लहानपणी भार्गव तापला होता आठ दिवस.
तेव्हा मी अशी बसले होते का?
आठवत नाही.
तेव्हा हजार पुरे करायचे होते.

काल त्याचा फोन आला.
"अजून आहे का तो?" म्हणाला,
आणि पुढं काही बोलेना.
मी म्हटलं, तू जेवलास का?

पहाटे पावणेचारला
टॉवेलच्या चुकलेल्या काठापाशी
काहीतरी काळं दिसलं.
तंबाखूचा खडा असेल म्हणून उचलला.
नव्हता.
बल्बखाली नेऊन मोजल्या. परत मोजल्या.
सात.
मुगाएवढ्या, वाळक्या, एक तर वाकडी.
बंडलाला अठरा कमी.

मॅडमना फोटो पाठवला, वेळ न बघता.
लगेच उत्तर आलं:
आकार लहान आहे. भरवणं थांबवू नका.
म्हणजे त्याही जाग्याच होत्या.

कोथिंबिरीची काडी पुढं धरली.
हुंगली. मिशा हलल्या.
सोडून दिली.
मी ती उचलली नाही, तिथंच राहू दिली
आणि मिक्सर लावायला उठले.